बिल्ला नंबर एकोणीस

आकुर्डी,
११ नोव्हेंबर १९७९

आपा, सलाम.

पुन्हा तू तेच काढलंस. पत्र कशाबद्दलही असो, शेवटची ओळ ठरलेली: नूर, रात्रशाळेत नाव घातलंस का. सहावीला मास्तरांनी छडी मारली आणि मी खिडकीतून उडी टाकून जो निघालो, त्याला दहा वर्षं झाली. तू अजून त्या खिडकीपाशी उभी आहेस. मग आता माझं ऐक. तुझी साडेपाच वर्षं भरत आली. डॉक्टर झालीस. अब्बांनी बुधगावात कल्हईच्या दुकानाशेजारची खोली रिकामी करून ठेवलीय, पाटी रंगवायला माणूससुद्धा बघून ठेवलाय. आणि तू लिहितेस, 'इंटर्नशिप संपली की अजून एक वर्ष मुंबईत संशोधन शिकायचंय.' म्हणजे डॉक्टर झालेल्या माणसाने पुन्हा शिकायचं, आणि ज्याने शिकायला पाहिजे होतं तो इथं लोखंड घासतोय. वा रे न्याय.

माझ्यावर रागावू नकोस. मी भटकाच. मिरजेला गॅरेज, मग ट्रकवर क्लीनर, मग चाकणच्या बाजारात कांद्याची पोती, आता हा ओतकाम कारखाना. इथं दोन वर्षं टिकलो हेच अम्माला खरं वाटत नाही. टिकलो कारण फेटलिंग खात्यात पैसे जास्त. ओतलेला माल साच्यातून निघाला की त्याची वाळू झाडायची, कडा घासायच्या, एवढंच काम. धुळीचा भत्ता वेगळा, ओव्हरटाइम पाहिजे तेवढा. घरी दीडशे पाठवतो ते त्याच जिवावर.

खोकल्याचं विचारलंयस. तो वाळूचा आहे. कंपनी आम्हाला रोज गुळाचा खडा देते, तो खाल्ला की छाती धुऊन निघते. आमच्या खात्यातला चांदभाई पंधरा वर्षं गूळ खातोय. आणि आपलं खानदान छातीचं आहे. अब्बा साठीत भाता ओढतात.

तुमचे सर आमच्या कारखान्यात येणार म्हणतेस, ते खरं का?

तुझा,
नूर


मिरज,
१९ नोव्हेंबर १९७९

चि. नूरमोहम्मद यास अनेक दुआ.

छडीचं राहू दे. मी खिडकी बंद केली.

संशोधन शिकायचं म्हणजे काय, ते तुझ्याच पत्रातून सांगते. गुळाने छाती धुऊन निघते, असं तू लिहिलंस. कोणी मोजलं? शंभर माणसांना गूळ दिला, शंभरांना दिला नाही, आणि दोघांच्या छात्या पाहिल्या, असं कोणी केलंय का? कॉलेजात आम्ही पुस्तकात लिहिलेलं पाठ केलं. त्या पुस्तकात जे आलं ते कोणीतरी एकेक माणूस समोर बसवून मोजलेलं होतं, हे मला पाचव्या वर्षी कळलं. तेव्हापासून मला झोपेतही तेच दिसतं. मोजायचं कसं, चूक कुठे होते, हे शिकवणारी जागा मुंबईत आहे. नव्या डॉक्टरांना वर्षभर घेतात. अख्ख्या राज्यातून सहा जण.

त्यासाठी आधी एक लहान काम स्वतः करून दाखवावं लागतं. आमच्या सरांनी मला विषय दिला: ओतकाम करणाऱ्यांचा श्वास. तुमच्या कंपनीने परवानगी दिली आहे. जानेवारीत तीन दिवस आम्ही येऊ. एप्रिलमध्ये अहवाल जायचा. त्यावर जागा मिळेल नाहीतर जाईल, दुसरी संधी नाही.

एक मशीन आणणार आहोत. माणूस नळीतून फुंकतो, पाण्यात पालथं घातलेलं भांडं वर उचललं जातं, आणि त्याला जोडलेलं पेन कागदावर त्याच्या श्वासाची रेघ काढतं. तुझ्या लोकांना एवढंच समजावून सांग की यात दुखत नाही, सुई नाही. ज्याने त्याने जीव लावून फुंकायचं.

तुझी आपा,
फरीदा


आकुर्डी,
९ जानेवारी १९८०

आपा, सलाम.

तू गेल्यापासून इथं दुसरा विषय नाही. कँटीनमध्ये चहाची कपबशी तोंडाला लावायची आणि नाक चिमटीत धरून फुंकायचं, असा खेळ चाललाय.

मला मात्र त्या मशीनपुढं हसू आलं नाही. लहानपणापासून मी अब्बांचा भाता बघितलाय. वारा आत जातो, बाहेर येतो, निखारा लाल होतो, संपलं. वारा कुठं राहतो का? आणि तुझ्या त्या पेनाने वारा कागदावर लिहून ठेवला. माणूस उठून शिफ्टला गेला, त्याचा श्वास मात्र तिथं टेबलावर पडलेला. मी तुझ्या मागं उभा होतो आणि माझ्या अंगावर काटा आला. मोहल्ल्यातल्या पोरी तुझ्याएवढ्या असताना दोन-दोन लेकरं कडेवर घेऊन होत्या, आणि तू चाळीस काळ्याकुट्ट तोंडाच्या बाप्यांना म्हणत होतीस, 'अजून, अजून, सोडू नका,' आणि ते सोडत नव्हते. फोरमन सोपानराव, ज्याचं आम्ही ऐकत नाही, तो पण तुझ्यापुढं गाल फुगवून बसला.

तू भट्टीपाशी थांबलीस ते पण मी बघितलं. ओतायचा डबा वाकला, लोखंड पाण्यासारखं वाहिलं, आणि तू पदर तोंडावर धरून अशी बघत होतीस की मला वाटलं हिला नमाजाला उभी केलीय. मला पण पहिल्या दिवशी तसंच झालं होतं. आता रोजचं आहे.

सगळ्यांचे आकडे चांगले आलेत ना? येणारच. भावाचा कारखाना आहे. तुझ्या कामाला कमीपणा येऊ द्यायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं.

घरी दीडशे पाठवले.

नूर


मिरज,
३ फेब्रुवारी १९८०

चि. नूर यास दुआ.

हे पत्र शांत डोक्याने वाच. मी ते शांत डोक्याने लिहिलेलं नाही.

चाळीस कागद मी महिनाभर रोज बघतेय. प्रत्येकाची रेघ वेगळी असते. कोणाची सरळ चढते, कोणाची मध्येच दमते, कोणी शेवटी खोकतो तिथं ती थरथरते. मला वाटायला लागलं होतं की माणसाच्या अक्षरासारखं हे पण एक अक्षर आहे. आणि मग परवा मी सात कागद एकावर एक ठेवून खिडकीशी उजेडात धरले. सात वेगवेगळी नावं. सातही रेघा एकमेकींवर बसल्या. सगळ्यांच्या शेवटी तोच एक छोटा हिसका, जसा पैलवान जोर संपताना देतो. सातही जणांचा श्वास चार लिटर सहाशे.

एकाच माणसाने सात जणांच्या नावावर फुंकलंय. सगळे शिफ्टवरून काळे तोंड घेऊन आले होते, मला चेहरे ओळखता आले नाहीत. पण तू तिथं होतास. 'कमीपणा येऊ द्यायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं,' हे तुझंच वाक्य आहे. मी दहा वेळा वाचलं.

ज्यांच्या जागी दुसऱ्याने फुंकलं, तेच कदाचित आजारी असतील. म्हणजे ज्यांच्यासाठी आम्ही आलो, तेच सात कागदावर सगळ्यात धडधाकट दिसतायत.

उरलेल्या तेहतीस कागदांवर तरी मी विश्वास कसा ठेवू? सरांना अजून सांगितलं नाही. सांगितलं तर मुंबई गेली. नाही सांगितलं तर मी काय शिकले?

आणि तू स्वतः का फुंकलं नाहीस? 'मी घरचा माणूस, माझं कशाला,' म्हणालास. तेव्हा मी हसले होते.

फरीदा


आकुर्डी,
९ फेब्रुवारी १९८०

आपा,

ज्योतीराम होता. तालमीतला, खेडचा, माझ्याशेजारी घासकाम करतो. मीच त्याला म्हटलं.

कसं झालं ते सांगतो. इथं भरती होताना डॉक्टर छाती तपासतो. छाती कमी भरली की घरी. दोन वर्षांपूर्वी मालोजी म्हणून एक होता, कुठून तरी बातमी आली की त्याच्या छातीचा फोटो खराब आलाय. आठवड्यात त्याचं हजेरीचं कार्ड रॅकवरून गेलं. आता तू आलीस, पांढरा कोट घालून, हातात यादी, यादीवर नावं, आणि यादी दिली कोणी? कंपनीने. चांदभाई माझ्याजवळ आला. म्हणाला, 'नूर, तुझी बहीण आमच्या पोटावर उठली का रे?' मी म्हटलं, 'चाचा, ती तसली नाही.' तो म्हणाला, 'ती नसेल. कागद कोणाच्या हातात जातो ते तिला तरी माहीत आहे का?' याचं उत्तर तुझ्याकडं आहे का?

आमच्यात कोणाला उशीर झाला की दुसरा त्याचं कार्ड मशीनमध्ये घालतो. त्याला आम्ही चोरी म्हणत नाही, माणुसकी म्हणतो. हे पण तसंच वाटलं. ज्यांना धाप लागते असे सात जण, आणि ज्योतीराम तीन दिवस, कधी तोंड अजून काळं करून, कधी डोक्याला फडकं बांधून. तो मला म्हणाला, 'भावा, एवढं तर मी कुस्तीला पण दमलो नव्हतो.' आम्ही हसलो, आपा. खोटं कशाला सांगू.

आणि अजून एक. मला वाटलं परीक्षा तुझी आहे. जास्त आकडे आले म्हणजे तुला जास्त मार्क. सहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला एवढंच कळतं. मला वाटलं, मी तुला पास करतोय.

सरांना सांग. माझं नाव सांग. त्या सातांची सांगू नकोस.

तुझं पत्र आल्यापासून मी चांदभाईच्या प्रश्नात डोकं घालतोय. आमच्या टूलरूमला एक खिडकी आहे. आपण पितळेचा बिल्ला द्यायचा, बिल्ल्यावर नंबर, तो तिथं खिळ्याला टांगतात आणि अवजार देतात. अवजार परत केलं की बिल्ला परत. खिडकीतला माणूस तोंड बघत नाही, नंबर बघतो. तू कंपनीची यादी फाडून टाक. नवे बिल्ले कर. ज्याला पाहिजे त्याने पिशवीत हात घालून एक उचलायचा. कागदावर नाव नको, फक्त बिल्ल्याचा नंबर, वय, उंची. कोणाचा कोणता नंबर हे त्याचं त्याला माहीत. कंपनीने कागद मागितला तरी त्यांना नुसते आकडे मिळतील. मग बघ कोण स्वतः फुंकत नाही ते.

जमेल का माहीत नाही. सुचलं ते लिहिलं.

नूर


मिरज,
२४ फेब्रुवारी १९८०

चि. नूर यास अनेक, अनेक दुआ.

सरांना सांगितलं. सात कागद नावं दुमडून टेबलावर ठेवले आणि उभी राहिले. त्यांनी कागद उजेडात धरले, जसे मी धरले होते, आणि म्हणाले, 'तू हे खिडकीशी धरून पाहिलंस? कोणी सांगितलं होतं?' कोणी नव्हतं सांगितलं. मग म्हणाले, 'अहवालाच्या पहिल्या पानावर हेच लिहायचं. चाळीस नोंदी रद्द, आणि का रद्द.' मी म्हटलं, 'सर, मग मुंबई?' ते म्हणाले, 'मुंबईचं मुंबई बघेल.'

मग मी तुझं बिल्ल्याचं वाचून दाखवलं. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं. चष्मा काढला, पुन्हा घातला. 'तुझा भाऊ कुठं शिकला?' मी म्हटलं, 'सहावी.' त्यांनी कपाटातून एक जाड इंग्रजी पुस्तक काढून मला दाखवलं. त्यात हीच रीत दिली आहे, नूर. परदेशातल्या मोठ्या लोकांनी कितीतरी चुका करून ती बसवली. तुला ती टूलरूमच्या खिडकीत सापडली. मी घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि मला स्वतःची लाज वाटली. मी तुला रात्रशाळेचं विचारत होते.

सरांनी एक नियम वाढवला आहे. जो कागद वाचतो त्याला तो कोणाचा हे कळता कामा नये, म्हणून या वेळी मी येणार नाही. आमच्या प्रयोगशाळेतले दत्तोबा मशीन घेऊन येतील, कागद घेऊन परत येतील, मी इथं बसून नुसते नंबर वाचीन. कारखान्यात नको. जागा तू शोध.

पितळेचे मिळाले नाहीत. अब्बांनी कल्हईच्या दुकानातल्या पत्र्याचे चाळीस गोल कापले आणि खिळ्याने नंबर ठोकले. 'पोराच्या कामाचे आहेत,' असं सगळ्या गल्लीला सांगत होते. पोरीचं नाव घेतलं नाही.

फरीदा


आकुर्डी,
१७ मार्च १९८०

आपा, सलाम.

काल रविवारी ज्योतीरामच्या तालमीत झालं. वस्तादांनी आखाडा झाडून दिला, वर म्हणाले, 'लाल मातीत पहिल्यांदाच वाऱ्याची कुस्ती बघतोय.' दत्तोबांनी मशीन ठेवलं, मी अब्बांच्या बिल्ल्यांची पिशवी धरून दारात उभा. पहिला अर्धा तास कोणी आत येईना. मग चांदभाईने पिशवीत हात घातला. बिल्ला बघितला, मुठीत दाबला, मला पण दिसू दिला नाही. आत गेला.

पेन चार बोटं चढलं आणि थांबलं. दत्तोबा म्हणाले, 'अजून, चाचा.' अजून नव्हतंच. जानेवारीत ज्योतीरामने त्याच्या नावावर फुंकलं तेव्हा ते भांडं पाण्यातून उडी मारून वर आलं होतं. चांदभाई रेघेकडं बघत राहिला. एवढीशी रेघ. म्हणाला, 'ही माझी का?' दत्तोबा म्हणाले, 'तुमचीच.' तो म्हणाला, 'पंधरा वर्षांत पहिल्यांदा बघितली.' आणि आपा, तो रडला बिडला नाही. तिच्यावर बोट फिरवलं, हलकं, जसं आपण नव्या बाळाच्या कपाळावर फिरवतो. त्यानंतर रांग लागली. एकतीस जण आले.

शेवटी ज्योतीराम बसला, स्वतःच्या बिल्ल्यावर. 'एकदा तरी स्वतःचं फुंकतो,' म्हणाला. तेवढं सगळे हसले.

मी पण फुंकलं. यावेळी घरचा माणूस वगैरे काही म्हटलं नाही. बिल्ला कोणता ते सांगणार नाही, नियम तुमचाच. एक सांगतो. नळी तोंडात घेतली तेव्हा मला वाटलं हे काय, अब्बांचा पोरगा आहे मी. आणि पेनाकडं बघितलं. बास, एवढंच.

नूर


मिरज,
६ एप्रिल १९८०

चि. नूर यास दुआ.

अहवाल गेला. पहिल्या पानावर चाळीस रद्द नोंदी, दुसऱ्या पानावर बिल्ल्यांची रीत. मुंबईचं उत्तर तिसऱ्या दिवशी तारेने आलं. जुलैपासून यायला सांगितलंय. सर म्हणाले, त्यांनी ते पहिलं पान दोनदा वाचलं म्हणे. अब्बांनी खोलीला कुलूप लावलं आणि पाटीवाल्याला सांगितलं, 'वर्षभर थांब, रंग सुकणार नाही.'

एकतीसपैकी अकरा कागद असे आहेत की ज्यांनी त्या धुळीत आता थांबू नये. त्या अकरा नंबरांसाठी मी चिठ्ठ्या लिहिल्या आहेत, सोबत पाठवतेय. टूलरूमच्या भिंतीवर खिळे मार आणि टांगून ठेव. ज्याची त्याने घ्यावी.

एका नंबराबद्दल मात्र वेगळं लिहायचंय. बिल्ला एकोणीस. वय तेवीस. उंची पाच फूट आठ इंच. या वयाला, या उंचीला चार लिटर यायला पाहिजेत. अडीच आले. बाकीचे दहा चाळिशीचे आहेत, पंधरा-पंधरा वर्षं काढलेले. याची रेघ मध्येच वाकते, जणू कोणीतरी तिला खाली ओढतंय. ही रेघ तेवीस वर्षांच्या माणसाची नाही.

अशा वयाचे, अशा उंचीचे खूप असतील. पिंपरीत शेकड्याने असतील. मी तुला विचारणार नाही तो कोण. विचारलं तर चांदभाईला दिलेला शब्द मोडला. हे पत्र मी दोनदा फाडलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं, त्यात प्रश्न येऊ दिला नाही.

पण त्याला माझा निरोप दे. म्हणावं, अजून वेळ आहे. छातीचा फोटो काढ. गूळ खा, गोड लागतो म्हणून खा, पण त्यावर विसंबू नकोस. त्या खात्यातून बाहेर पड, या महिन्यात. पैशासाठी थांबला असशील तर ज्यांच्यासाठी थांबला आहेस त्यांना ते पैसे नको आहेत. त्याला सांग, हे डॉक्टर म्हणून लिहिलंय. आणि एवढं लिहून मी पेन खाली ठेवते, नाहीतर पुढचं वाक्य डॉक्टरचं नसेल.

फरीदा


आकुर्डी,
२७ एप्रिल १९८०

आपा, सलाम.

तारेचं ऐकून ज्योतीरामने अख्ख्या खात्याला पेढे वाटले, माझ्या पैशाने. राज्यातल्या सहांत तू. मी चांदभाईला म्हटलं, 'चाचा, ही तीच, पोटावर उठलेली.' तो म्हणाला, 'तिला म्हणावं, वर्षभर नीट शीक आणि परत ये, आमचं गुळाचं राहिलंय.' त्याने त्याची चिठ्ठी पहिल्याच दिवशी घेतली. बाकीच्यांनी कोणी बघत नसताना नेल्या. भिंतीवर नऊ खिळे मोकळे आहेत, दोन चिठ्ठ्या अजून लोंबतायत.

एकोणीसवाल्याला तुझा निरोप पोचवला. लई हट्टी माणूस. आठ दिवस ऐकेना. म्हणाला, 'आमचं खानदान छातीचं, मशीन चुकलं असेल.' मी म्हटलं, 'त्याच मशीनवर ज्योतीरामचं भांडं वर उडालं, ते कसं?' मग तुझी चिठ्ठी आणि निरोप त्याने चार वेळा वाचला. ज्या बाईला नाव माहीत नाही, तोंड माहीत नाही, तिने नुसती एक रेघ बघून एवढं ओळखावं, याचं त्याला नवल वाटत राहिलं. चौथ्या वेळी तो शेवटच्या ओळीपाशी थांबला आणि चिठ्ठी खिशात घातली. दुसऱ्या दिवशी सोपानरावांना भेटून बदली मागितली. सोपानराव म्हणाले, 'पगार कमी होईल.' तो म्हणाला, 'होऊ दे.' औंधला जाऊन छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलास, दर तीन महिन्यांनी दाखवत जा.

आता तो टूलरूमच्या खिडकीत बसतो, बिल्ले घेतो, अवजारं देतो. स्वच्छ काम. दुपारी वेळ उरतो, म्हणून सातवीची पुस्तकं आणलीत म्हणे. हे मी तुला सांगायला नको होतं, तू लगेच खिडकीपाशी जाऊन उभी राहशील.

घरची मनीऑर्डर आजच केली. अम्माला समजावून सांग. टूलरूमच्या खिडकीत धुळीचा भत्ता मिळत नाही, ओव्हरटाइम नाही, गूळ पण नाही. पाठवलेत रुपये नव्वद.

नूर